गावाबाहेरच्या मतदाराचं मत

४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाची मोजणी संपली तेव्हा यंत्रांतल्या मतांवर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. त्यांची मतं ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांची ४,५१,०९४. टपाली मतं मिळवली आणि निकाल फिरला. वायकरांना १,५५० टपाली मतं पडली होती, कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी खासदार झाले. त्या मतदारसंघात बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका होत्या १११, म्हणजे विजयाच्या फरकाच्या दुपटीहून जास्त. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर बाद मतपत्रिका पुन्हा तपासाव्याच लागतात, हा निवडणूक आयोगाचा नियम तिथे कामाला आला. साडेचार लाखांच्या घरात मतं घेणाऱ्या दोन उमेदवारांचा फैसला बूथवर न आलेल्या माणसांनी केला.

त्याच दिवशी परभणीत संजय जाधव यांनी महादेव जानकर यांना १ लाख ३४ हजारांच्या फरकाने हरवलं. एवढ्या फरकापुढे टपाली मतांकडे कोणाचं लक्ष जाणार? पण मताचा हक्क फरकाच्या आकड्यावर ठरत नाही. परभणी जिल्हा गावाबाहेर राहणाऱ्या माणसांचा जिल्हा आहे. सीमेवरचे जवान, निवडणुकीच्या ड्युटीवर दुसऱ्या तालुक्यात गेलेले शिक्षक आणि पोलीस, पूर्णा जंक्शनवरून गाड्या नेणारे रेल्वे कर्मचारी, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, पुण्या-मुंबईत आणि परदेशात गेलेली मुलं, आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारी हजारो कुटुंबं. यातल्या प्रत्येकासाठी कायद्याने काय सोय केली, तिचा अर्ज कुठे आणि कधी करायचा, ती सोय किती काळ टिकते आणि कोणाला मुळीच मिळत नाही, याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगतो. आपल्याकडे टपाली मतदानाची सोय वाढत गेली ती सरकारी हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठी आणि अलीकडे वृद्ध-दिव्यांगांसाठी. पोटासाठी गाव सोडणारा मजूर त्यात अजून बसलेला नाही, आणि त्याला बसवायला नवा कायदासुद्धा लागत नाही.

सुरुवात सैनिकांपासून करू, कारण ही सोय मुळात त्यांच्यासाठीच झाली. लष्कर, नौदल, हवाईदल, लष्करी कायद्याच्या तरतुदी लागू असलेली दलं, राज्याबाहेर तैनात असलेले राज्याचे सशस्त्र पोलीस आणि परदेशातल्या सरकारी पदांवर असलेले कर्मचारी, हे सगळे सेवा मतदार. त्यांची नावं गावच्या यादीच्या शेवटच्या भागात वेगळी लागतात. पूर्वी फक्त पुरुष जवानाच्या बायकोचं नाव त्याच्यासोबत लागत असे. २०२१ च्या दुरुस्ती कायद्याने तिथे ‘पती किंवा पत्नी’ असा अर्थ आणला, त्यामुळे लष्करात असलेल्या बाईच्या नवऱ्यालाही हा हक्क मिळाला. अट एकच, जोडीदार तिच्याजवळ किंवा त्याच्याजवळ राहत असला पाहिजे. परभणीतल्या बहुतेक जवानांच्या बायका सासरी, शेती आणि लेकरं सांभाळत राहतात. त्यांनी सेवा मतदार व्हायचं कारण नाही. गावच्या साध्या यादीत नाव ठेवावं आणि बूथवर मत द्यावं.

जवानाचं मत पूर्वी खरोखरच टपालाच्या भरवशावर होतं. मतपत्रिका छापून पाठवायची, ती तुकडीच्या मागे फिरत फिरत पोचायची आणि परत यायची. बरीचशी मोजणी उरकल्यावर पोचत. ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम बदलले आणि मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची सोय झाली. पहिला वापर पुद्दुचेरीतल्या नेल्लीथोप पोटनिवडणुकीत झाला. आता जाण्याचा प्रवास मिनिटांचा आहे, येण्याचा मात्र अजून टपालाचाच. २०१९ च्या लोकसभेला देशभरात १८,०२,६४६ सेवा मतदार नोंदलेले होते आणि १०,८४,२६६ मतपत्रिका परत आल्या, म्हणजे ६० टक्क्यांच्या थोडं वर. जुन्या पद्धतीच्या मानाने ही मोठी झेप आहे.

ही मतपत्रिका हातात आल्यावर काय करावं लागतं ते नीट पाहायला हवं, कारण मत बाद होतं ते याच पायरीवर. एकूण चार कागद असतात. पहिली मतपत्रिका. दुसरं नमुना १३अ, म्हणजे ‘हे मत मीच दिलं’ असं सांगणारं घोषणापत्र. तिसरं आतलं पाकीट, नमुना १३ब. चौथं बाहेरचं पाकीट, नमुना १३क. खूण करून मतपत्रिका फक्त आतल्या पाकिटात घालायची आणि ते चिकटवायचं. घोषणापत्रावर सही करून अधिकाऱ्याचं साक्षांकन घ्यायचं आणि ते आतल्या पाकिटात न घालता, त्याच्यासोबत बाहेरच्या पाकिटात ठेवायचं. मोजणीच्या टेबलावर आधी बाहेरच्या पाकिटावरचा क्यूआर कोड तपासतात, मग घोषणापत्र काढतात, सही आणि साक्षांकन बघतात, अनुक्रमांक आतल्या पाकिटाशी जुळतो का ते पाहतात. यात एक गोष्ट जरी चुकली तरी आतलं पाकीट उघडलंच जात नाही. माणसाने कोणाला मत दिलं हे पाहण्याआधीच मत बाद. उलट मतपत्रिकेवरची खूण थोडी पुसट असेल किंवा एकाच उमेदवारापुढे दोनदा झाली असेल, पण हेतू स्पष्ट असेल, तर मत धरावं असं नियमच सांगतो. म्हणजे धोका खुणेत कमी आणि पाकिटात जास्त आहे. मतपत्रिकेवर आपलं नाव किंवा सही मात्र चुकूनही करू नये. मतदार ओळखू येईल अशी कोणतीही निशाणी मत बाद करते.

दुसरा धोका वेळेचा. मतमोजणी सकाळी आठला सुरू होते आणि त्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती न पोचलेलं पाकीट मोजलं जात नाही. उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपल्याशिवाय मतपत्रिका तयार होत नाही. परभणीच्या २०२४ च्या दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहा. लोकसभेला अर्ज मागे घ्यायची तारीख होती ८ एप्रिल, आणि देशभर सात टप्पे असल्याने मोजणी झाली ४ जूनला. जवानाच्या हाती जवळजवळ दोन महिने होते. विधानसभेला माघारीची तारीख ४ नोव्हेंबर, मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला. म्हणजे १९ दिवस. अरुणाचलच्या किंवा लडाखच्या चौकीवरून परभणीच्या तहसीलपर्यंत टपाल यायला १९ दिवस पुरतात की नाही, हे ऋतूवर आणि रस्त्यावर अवलंबून आहे. लोकसभेच्या आकड्यांवर समाधान मानणाऱ्यांनी विधानसभेचं हे गणित लक्षात घ्यावं.

म्हणूनच प्रॉक्सीची सोय, जुनी वाटली तरी, परभणीच्या जवानाने विसरू नये. २००३ च्या दुरुस्तीने सशस्त्र दलांतल्या मतदाराला हा पर्याय दिला. आपल्या वतीने बूथवर जाऊन मत द्यायला तो गावातला एक माणूस नेमू शकतो. हा माणूस त्या मतदारसंघात राहणारा हवा. त्याचं स्वतःचं नाव यादीत असलंच पाहिजे असं नाही, पण मतदार व्हायला तो अपात्र नसावा. अर्जाचा नमुना १३एफ. जवान तुकडीवर असेल तर तो कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून कागद गावी पाठवतो, गावात नेमलेला माणूस नोटरी किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यासमोर सही करतो आणि अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देतो. जवान सुटीवर आलेला असेल तर दोघांनी एकाच दिवशी नोटरीसमोर बसून काम संपवता येतं. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटण्याआधी हा कागद पोचायला हवा.

या सोयीचा खरा फायदा असा की तिचं नूतनीकरण करावं लागत नाही. एकदा नेमणूक झाली की जवान सेवा मतदार असेपर्यंत ती चालते, लोकसभेलाही आणि विधानसभेलाही. ती रद्द करायची किंवा माणूस बदलायचा तर नमुना १३जी. बायको माहेरी-सासरी राहायला गेली, भावाशी बिनसलं, नेमलेला माणूस वारला, तर कागद बदलून घेण्याची जबाबदारी जवानाची. बूथवर प्रॉक्सी मतदाराच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात, म्हणजे तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी राहते. प्रॉक्सी नेमल्यावर जवानाला टपाली मतपत्रिका मिळत नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी चालत नाहीत.

प्रॉक्सीवरचा आक्षेप मला मान्य आहे. बूथच्या आडोशामागे प्रॉक्सीने कोणतं बटण दाबलं हे जवानाला कधीच कळत नाही. तो सांगतो एक आणि घरचे करतात दुसरंच, असं होऊ शकतं आणि त्यावर कुठे दाद मागता येत नाही. म्हणून टपालाची खात्री असेल तिथे टपालच बरं. पण विधानसभेच्या १९ दिवसांत पाकीट पोचण्याची शक्यता नसेल, तर विश्वासाच्या माणसाच्या हातून पडलेलं मत हे न मोजलेल्या पाकिटापेक्षा चांगलं. निवृत्त झालेल्या जवानांसाठी एक वेगळी गोष्ट. सेवा संपली की सेवा मतदार म्हणून असलेलं नाव संपतं, आणि ते आपोआप गावच्या यादीत येत नाही. नमुना ६ नव्याने भरावा लागतो. पेन्शनचे कागद करताना हा एक कागद राहून जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक येतात-जातात, तिथेच हा फॉर्म ठेवला तर सोय होईल.

आता ड्युटीवरचे कर्मचारी. निवडणूक लागली की शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, कृषी विद्यापीठातले कर्मचारी, पोलीस, होमगार्ड यांना ऑर्डर येतात. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून नमुना १२ किंवा १२अ भरून घेतात. ड्युटी स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर १२अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळतं, कर्मचारी त्याला ईडीसी म्हणतात, आणि ड्युटीच्याच बूथवर यंत्रावर मत देता येतं. ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात असेल तर १२ भरून टपाली मतपत्रिका. नमुना १२ चा अर्ज मतदानाच्या किमान सात दिवस आधी जायला हवा, निर्णय अधिकारी मुदत थोडी सैल करू शकतो.

इथे परभणीची स्वतःची एक गुंतागुंत आहे. विधानसभेला जिल्ह्यात चार मतदारसंघ आहेत : जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी. कर्मचाऱ्याला शक्यतो स्वतःच्या मतदारसंघात नेमत नाहीत, त्यामुळे विधानसभेला बहुतेकांचं मत टपाली होतं. लोकसभेला या चारांच्या जोडीला जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगी हे मतदारसंघ परभणीत येतात. सेलूचा शिक्षक जिंतूर किंवा गंगाखेडला ड्युटीवर असेल तर ईडीसीवर काम भागतं. पण घनसावंगीच्या शिक्षकाची ड्युटी त्याच्या जिल्ह्यातल्या बदनापूरला लागली की तो जालना लोकसभेत जातो, आणि त्याला परभणीची टपाली मतपत्रिका लागते. त्याचा अर्ज जालन्यात भरला जातो आणि मतपत्रिका परभणीहून यावी लागते. दोन जिल्ह्यांच्या निवडणूक शाखांमधला हा हस्तांतराचा कागद जिथे अडकतो तिथे मत अडकतं. दोन निवडणुकांचे दोन वेगळे फॉर्म असल्याने गेल्या वेळी जे भरलं तेच याही वेळी भरायचं, असं गृहीत धरून चालत नाही. आणि हा अर्ज त्या एका निवडणुकीपुरताच असतो.

पूर्वी कर्मचारी मतपत्रिका घरी नेत असत आणि सवडीने पाठवत. त्यात संघटनांचा, उमेदवारांच्या माणसांचा दबाव येत असे, एकगठ्ठा पाकिटं गोळा झाल्याच्या तक्रारी येत. ऑगस्ट २०२३ मध्ये नियमात बदल झाला. आता ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याने मतपत्रिका सुविधा केंद्रातच घ्यायची, तिथेच खूण करायची आणि तिथल्याच पेटीत टाकायची. साक्षांकन करायला राजपत्रित अधिकारी तिथे हजर असतो. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. टपाली मताचं गुपित राखायचं तर मतपत्रिका घरी फिरू न देता, खूण करायची जागा सरकारने पुरवायची, हे तत्त्व त्यातून मान्य झालं. पुढे ऊसतोड मजुरांबद्दल बोलताना याच तत्त्वाकडे यायचं आहे.

रेल्वे, वीज, आरोग्य, टपाल अशा अत्यावश्यक सेवांतल्या लोकांसाठी आयोग प्रत्येक निवडणुकीला यादी अधिसूचित करतो. त्यांचा अर्ज नमुना १२डी, आणि मतदान टपाली मतदान केंद्रावर, ठरवून दिलेल्या तीन दिवसांत. पूर्णेच्या लोको पायलटला हे माहीत असलं पाहिजे. तुरुंगातल्या कैद्याला मताचा हक्क नाही, पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्याला टपालाने मत देता येतं.

घरातून मतदानाची सोय या सगळ्यांत नवी आणि लोकांना सर्वांत जास्त भावलेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ८० वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदारांना टपाली मताचा हक्क मिळाला, झारखंडच्या विधानसभेला काही मतदारसंघांत तो पहिल्यांदा वापरला गेला. १ मार्च २०२४ रोजी वयाची अट ८५ केली गेली. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावं लागतं आणि त्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला ही सोय पहिल्यांदा साऱ्या देशात झाली.

वयाची अट ८० वरून ८५ करणं मला पटलेलं नाही. मराठवाड्याच्या खेड्यात उन्हातान्हात शेतावर राबलेल्या माणसाचे गुडघे पंच्याहत्तरीतच जातात. ८२ वर्षांची म्हातारी, जी काठीशिवाय ओट्यावरून उतरू शकत नाही, तिला लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी, २६ एप्रिलच्या उन्हात शाळेपर्यंत चालवत नेणं हे घरच्यांना धोक्याचं वाटतं, आणि ते तिला नेत नाहीत. तिचं मत जातं. वयाऐवजी चालण्या-फिरण्याच्या क्षमतेची अट ठेवता आली असती.

जी सोय आहे तिचीही मुदत फार तोकडी. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२डी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, भरून द्यावा लागतो. २०२४ च्या विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली. दिवाळी तोंडावर, सोयाबीनची काढणी-मळणी सुरू, कापसाची वेचणी डोक्यावर. अशा आठवड्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फॉर्म कोणाच्या लक्षात राहणार? बीएलओने घरी जाऊन फॉर्म द्यावा अशी अपेक्षा आहे, आणि बहुतेक बीएलओ म्हणजे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. त्यांच्यावर इतर कामांचा बोजा किती आहे हे गावात कोणाला सांगायला नको. म्हणून घरच्यांनी वाट पाहत बसू नये. आचारसंहिता लागली की बीएलओला फोन करावा. त्याचा नंबर माहीत नसेल तर १९५० या हेल्पलाइनवर विचारावं, दिव्यांगांसाठी आयोगाचं ‘सक्षम’ अॅप आहे.

फॉर्म मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ अशी खूण होते आणि त्या माणसाला बूथवर मत देता येत नाही. घरी दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ चित्रीकरण करणारा असं पथक येतं. सोबत पुठ्ठ्याचा आडोसा असतो. येण्याची वेळ आधी कळवतात. माणूस घरी नसेल तर पथक आणखी एकदा येतं, त्यानंतर नाही. दवाखान्यात भरती झालं, लेकीकडे पाठवलं, की मत गेलं. उमेदवारांना भेटींचं वेळापत्रक दिलेलं असतं, त्यांचा प्रतिनिधी हजर राहू शकतो. घरातल्या खोलीत एवढी माणसं जमली की म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावरून कोणीतरी डोकावतंच. पथकप्रमुखाने घरच्यांना दाराबाहेर थांबवणं हे त्या वेळचं सर्वांत महत्त्वाचं काम आहे. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही त्याला सोबत्याची मदत घेता येते, पण तो सोबती कोण हे मतदाराने ठरवायचं असतं.

१२डीसुद्धा एका निवडणुकीपुरताच. लोकसभेला पथक घरी आलं म्हणून विधानसभेलाही येईल असं समजून बसलेल्या घरांनी हे ध्यानात ठेवावं. ८५ वर्षांचं माणूस पुढच्या निवडणुकीला ८५ च्या खाली येत नाही आणि कायमचं अपंगत्व पाच वर्षांत बरं होत नाही. अशा मतदाराचा अर्ज एकदा घेतला की तो मागे घेईपर्यंत चालू ठेवावा, प्रॉक्सीच्या नेमणुकीसारखा. ज्या व्यवस्थेला जवानाच्या बाबतीत हे जमतं तिला म्हाताऱ्यांच्या बाबतीत जमायला हरकत नसावी. आणि हे सगळे नियम लोकसभा-विधानसभेचे आहेत. महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे त्या आयोगाचे नियम चालतात.

परदेशात गेलेल्या परभणीकरांची स्थिती विचित्र आहे. २०१० च्या दुरुस्तीने भारतीय नागरिकत्व कायम असलेल्यांना नमुना ६अ भरून गावच्या यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर यावं लागतं. २०२४ ला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, मत दिलं २,९५८ जणांनी. त्यांना प्रॉक्सी देणारं विधेयक ९ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत रखडलं आणि सोळाव्या लोकसभेबरोबर संपलं. दुसरीकडे ब्रिटनमध्ये राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, टपालानेही देऊ शकतो. तिथे आता टपाली मताचा अर्ज तीन वर्षांनी नव्याने करावा लागतो, म्हणजे यादी ताजी राहते. मानवतचा मुलगा लंडनमध्ये बसून तिथल्या खासदाराला टपालाने मत देतो आणि परभणीच्या खासदाराला देऊ शकत नाही. तरीही परदेशस्थांचा प्रश्न माझ्या लेखी पहिला नाही. पहिला प्रश्न ऊसतोड मजुराचा.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतल्या कोरडवाहू आणि डोंगरपट्ट्यांतल्या गावांमधून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, लेकरं आणि भांडीकुंडी ट्रॅक्टरवर. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडाजवळच्या कोप्यांत पाच-सहा महिने मुक्काम. २००९, २०१४ आणि २०१९ या तीनही विधानसभा निवडणुका ऑक्टोबरात झाल्या, गाळप सुरू व्हायच्या आधी. २०२४ ला मतदान २० नोव्हेंबरला गेलं आणि राज्याने गाळप हंगामाची तारीख ठरवली होती १५ नोव्हेंबर. पाच दिवसांचा हा फरक मराठवाड्यातल्या लाखो मजुरांच्या मतावर आला. हंगाम पुढे ढकला अशी मागणी झाली, पण मतदानासाठी मजुराला पर्याय द्या, ही मागणी त्या जोराने कोणी केली नाही.

मजुरापुढे काय वाटा होत्या? मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुटी द्यावी असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५ब कलम सांगतं, पण टनावर मजुरी घेणाऱ्या आणि उचलीत बांधलेल्या माणसाला पगारी सुटीचा अर्थ नाही. तीनशे किलोमीटर स्वखर्चाने यायचं तर चार दिवसांची मजुरी आणि भाडं जातं. उमेदवाराच्या गाडीतून फुकट यायचं तर मतदारांना वाहन पुरवणं हे त्याच कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचरण आहे. कारखान्याच्या गावात नाव बदलून घेणं हाही उपाय नाही, कारण तो तिथला रहिवासी नाही. १९५० च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की तात्पुरता बाहेर गेल्याने माणसाचं मूळ गावचं रहिवासीपण जात नाही. मग कायद्याने त्याचं नाव गावात ठेवलं, तर मत पोचवायची वाटही कायद्यानेच द्यायला हवी.

ती वाट कायद्यात आहे. १९५१ च्या कायद्याच्या ६० व्या कलमाचा ‘क’ खंड सांगतो की निवडणूक आयोग, सरकारशी विचारविनिमय करून, कोणत्याही वर्गातल्या लोकांना टपाली मतासाठी अधिसूचित करू शकतो. काश्मिरी विस्थापितांना याच खंडाखाली टपाली मत मिळालं, त्यांच्यासाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास मतदान केंद्रंही चालवली गेली. ८५ वर्षांवरचे वृद्ध, दिव्यांग आणि अत्यावश्यक सेवांतले कर्मचारी याच खंडाखाली आले. ऊसतोड मजूर हा वर्ग अधिसूचित करायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही. नियमांत दुरुस्ती आणि एक अधिसूचना पुरते. २०२२ च्या अखेरीस आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना मांडला, एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान करता येईल असा. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्षांनी शंका घेतल्या आणि ते तिथेच थांबलं. यंत्र तयार होईपर्यंत मजुराने थांबायचं काही कारण नाही. कागदी मतपत्रिका आजही चालते.

आक्षेप खरे आहेत. मतपत्रिका कोपीवर टपालाने पाठवली तर ती मुकादमाच्या हातात पडेल. म्हणून ती कोपीवर पाठवायचीच नाही. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी जे सुविधा केंद्र २०२३ पासून सक्तीचं झालं, तसंच केंद्र कारखान्याच्या तालुक्यात तहसीलमध्ये किंवा शाळेत उघडावं. मुकादम आणि कारखान्याचा माणूस आत नाही, आडोसा सरकारी, पेटी सरकारी. यादी कुठून आणायची? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं काम हाती घेतलेलं आहे, आणि कारखान्याकडे प्रत्येक टोळीचा करार असतो. गाव सोडण्याआधी ग्रामपंचायतीत अर्ज घेतला तर यादी तिथेच तयार होते. कर्नाटकातल्या कारखान्यांसाठी दुसऱ्या राज्याच्या अधिकाऱ्यांची मदत लागेल, पण जवानाची मतपत्रिका अरुणाचलहून येते तर निपाणीहून यायला हरकत नाही. सगळ्यांत अवघड आहे ते वेळेचं गणित, माघार ते मतदान हे दिवस मोजकेच असतात. त्यासाठी जवानांची इलेक्ट्रॉनिक पद्धत वापरता येईल : मतपत्रिका केंद्रावरच छापायची, पाकीट तिथेच घ्यायचं.

टपाली मतांचं वजन ओळखून आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवलं की टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांच्या मोजणीची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. ही सुधारणा चांगली आहे. आता मोजणीच्या टेबलावर येणाऱ्या पाकिटांमध्ये गंगाखेडच्या कोयत्याचं पाकीटही हवं.

ज्यांना सोय आहे त्यांनी ती घ्यावी. घरात ८५ च्या पुढचं माणूस असेल, मुलगा फौजेत असेल, बाई ड्युटीवर असेल, तर पुढची आचारसंहिता लागण्याची वाट न पाहता आजच मतदार यादीत नाव बघा. जवानाच्या घरच्यांनी यंदाच्या सुटीत नोटरीकडे जाऊन यावं. ग्रामसभांनी आणखी एक करावं. कोयते बाहेर पडण्याआधीच्या सभेत ‘ऊसतोड मजुरांना ६०-क खाली टपाली मत द्या’ असा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत निवडणूक आयोगाला पाठवावा. एका गावाच्या ठरावाने काही होणार नाही, पण नऊ तालुक्यांतून शंभर ठराव गेले तर आयोगाला उत्तर द्यावं लागेल.